साडेचार एकरांचा लेआउट: भिंत आणि कॅमेऱ्यांआधी काय ठरवायचं?

प्लॉट_बहात्तर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ साडेचार एकर जागेवर ७२ प्लॉटची सहकारी गृहरचना संस्था होते आहे. जमीन साधारण १४० बाय १३० मीटर, म्हणजे १८,२०० चौ. मी. दक्षिणेला डांबरी रस्ता, उत्तरेला उसाचं शेत, पूर्व-पश्चिमेला रिकामे प्लॉट.

सर्व्हेअरचा कच्चा नकाशा असा: पूर्व-पश्चिम धावणारे तीन सरळ रस्ते, प्रत्येकी ९ मीटर रुंद. पश्चिमेकडे त्यांना जोडणारा एक रस्ता, पूर्वेकडची टोकं बंद. प्लॉट १० बाय १५ मीटर, सहा ओळींत बारा-बारा. नियमाची १० टक्के मोकळी जागा उत्तरेला, उसाच्या बांधाला लागून, १३ मीटर रुंद आणि १४० मीटर लांब पट्टा. चहूबाजूंनी ८ फुटी पक्की भिंत, दोन गेट, १६ कॅमेरे.

नकाशा अजून मंजुरीला टाकलेला नाही, त्यामुळे बदलता येईल. सभासदांत दोन तट आहेत. एक म्हणतो भिंत, गेट आणि वॉचमन पक्का करा, बाकी जे होईल ते होईल. दुसरा म्हणतो मुलं बाहेर खेळली पाहिजेत, म्हाताऱ्यांना बसायला जागा पाहिजे, लोकांची ओळखदेख राहिली पाहिजे. दोन्ही एकाच नकाशात कसं बसवायचं? आकड्यांत सांगा, ‘हिरवंगार वातावरण ठेवा’ असलं नको.

नकाशेकरी

तुमच्या सभासदांचं भांडण खरं तर नाहीच. भिंत चोराला दोन मिनिटं उशीर करते. ज्या जागेवर चार घरांच्या दारा-खिडक्यांची नजर आहे तिथं तो मुळात थांबत नाही, आणि त्याच जागी मुलंही खेळतात. तुमच्या नकाशात अशी जागा एकही नाही, अडचण ती आहे.

मोकळ्या जागेपासून सुरू करा. १३ मीटरांचा पट्टा कागदावर १,८२० चौ. मी. भरतो, पण त्याच्याकडे सगळ्या घरांची पाठ आहे. एका बाजूला परसदारच्या भिंती, दुसऱ्या बाजूला ऊस. पहिल्या पावसाळ्यात तिथं गाजरगवत, दुसऱ्या वर्षी बांधकामाचा राडारोडा, तिसऱ्या वर्षी बाटल्या. शिवाय १३ मीटरांत धड क्रिकेटची खेळपट्टी आडवी बसत नाही.

आता हिशेब. पट्टा काढून टाका. ती १३ मीटर खोली सहा ओळींत वाटली की प्रत्येक प्लॉट सव्वादोन मीटरच्या आसपास लांब होतो. प्लॉट ८.७ बाय १७.१५ करा, क्षेत्रफळ जवळपास तेच, १४९ चौ. मी. रुंदी कमी झाल्यानं एका ओळीत बाराऐवजी चौदा बसतात आणि पूर्वेलाही ९ मीटरचा जोडरस्ता मावतो. सहा ओळी गुणिले चौदा म्हणजे ८४. आता चौथ्या आणि पाचव्या ओळीतले मधले सहा-सहा प्लॉट उचला. राहिले ७२, आणि मधोमध ५२ बाय ३४ मीटरची जागा मोकळी झाली. दोन्ही ओळींत उरलेल्या आठ-आठ प्लॉटांकडून रुंदीचे दहा-दहा सेंटिमीटर घेतले आणि उत्तर-दक्षिण उरणारे दहा सेंटिमीटर खोलीत जोडले की ५३ बाय ३४.४ होते. १,८२३ चौ. मी., नियम पाळला गेला.

उत्तर-दक्षिण मेळ: १७.१५ च्या सहा ओळी आणि ९ चे तीन रस्ते, बेरीज १२९.९. पूर्व-पश्चिम: ८.७ चे चौदा आणि ९ चे दोन, १३९.८. सर्व्हेअरला ताणून पाहू द्या, पण बसतं.

फरक काय पडला? चौकाच्या दोन लांब बाजूंना रस्ता, रस्त्यापलीकडं सहा-सहा घरांची दारं थेट मैदानाकडं. दोन आखूड बाजूंना चार घरांच्या कुशी. या चार प्लॉटांना एक अट घाला: मैदानाकडच्या भिंतीत राहत्या खोलीची खिडकी हवीच, नुसता बाथरूमचा झरोका चालणार नाही. ही अट विसरली की त्या दोन आंधळ्या भिंतींखालीच सगळे नको ते उद्योग सुरू होतात.

प्लॉट_बहात्तर

हे भारीच. पण ८.७ मीटर रुंदी म्हटल्यावर लोक ओरडणार, ‘बंगला म्हणून सांगितलं होतं.’ आणि पूर्वेची बंद टोकं काहींना मुद्दाम हवी आहेत. बंद गल्लीत परकी गाडी येत नाही, मुलं सुरक्षित राहतात, असं त्यांचं म्हणणं.

नकाशेकरी

दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडलं तर हातात ५.७ मीटर राहतात, तिथं ओरड रास्तच आहे. म्हणून जोडबंगले. दोन प्लॉटांची एक भिंत सामाईक, दुसऱ्या बाजूला दीड मीटर मोकळं. बांधायला ७.२ मीटर मिळतात. मात्र लेआउटच्या मंजुरीतच तसं दाखवून घ्या. एकानं घर बांधून झाल्यावर शेजारी ‘मी सामाईक भिंत करणार नाही’ म्हणाला की दोन्ही घरांचा विचका होतो. सामाईक भिंतीचा पाया कोण, केव्हा, कोणाच्या खर्चानं काढणार हे वाटपपत्रात हवं.

अरुंद प्लॉटचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही: रस्त्यावर दर पावणेनऊ मीटरला एक दार येतं. वाड्यांच्या आळीत जे आपोआप व्हायचं तेच. पंधरा मीटर रुंदीच्या प्लॉटांच्या कॉलनीत दुपारी दोन वाजता जी स्मशानशांतता असते ती याच कारणानं.

गचका_नको

बंद गल्लीबद्दल मी बोलतो, रस्त्याचं काम माझ्याकडं.

परकी गाडी येत नाही हे खरं. पण रोज येणारी गाडी वळणार कुठं? घंटागाडी, पाण्याचा टँकर, गॅसची गाडी, शाळेची व्हॅन. बंद टोकाला वळायला जागा दिली नाही तर या सगळ्या १३० मीटर रिव्हर्स जातात, आणि घरांच्या गल्लीत लहान मुलाला सगळ्यात मोठा धोका रिव्हर्स गाडीचाच असतो, कारण चालकाला मागचं एक मीटर उंचीचं पोर दिसत नाही. वळायला गोल द्यायचा तर अग्निशमन बंबासाठी ९ मीटर त्रिज्या धरतात. तो एक गोल २५४ चौ. मी. खातो. तीन टोकांचे तीन गोल म्हणजे पाच प्लॉट गेले. जोडरस्ता दोन्हीकडं ठेवून वळसा पूर्ण करणं केव्हाही स्वस्त.

परक्या गाडीचा प्रश्न इथं तसाही नाही. दोन्ही टोकं आतच जोडलेली आहेत, पलीकडं जायला वाट नाही. जवळचा रस्ता म्हणून कोणी घुसणार नाही.

खरा शत्रू वेग. कोरड्या रस्त्यावर, चालकाचा एक सेकंद प्रतिक्रियेचा धरून, ताशी ३० च्या गाडीला थांबायला साधारण १३ मीटर लागतात. ५० ला २८. ‘मुलं खेळत आहेत, सावकाश’ असा बोर्ड लावून पन्नासचे तीस होत नाहीत. रस्ता रुंद आणि सरळ दिसला की पाय आपोआप दाबला जातो. ९ मीटर पूर्ण डांबरून टाकले तर तुम्हीच त्याला आमंत्रण देता.

९ मीटर असे वाटा: गाडीरस्ता ५.५, गटार ०.५, झाडांचा पट्टा १.२, पादचारी पट्टा १.८. पादचारी पट्टा एकाच बाजूला, पण सलग. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटरचे फुटपाथ करतात ते मोटारसायकली लावायच्या कामाला येतात. ५.५ मध्ये एक मोटार उभी असली तरी अडीच मीटर रुंद बंब बाजूनं निघतो. उतार एकाच बाजूला, गटाराकडं, दोन ते अडीच टक्के.

गतिरोधकांचं तंत्र पाळा. इंडियन रोड्स काँग्रेसचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ नं ओलांडण्यासाठी. गावोगावी जो घालतात तो एक फूट रुंद आणि सहा इंच उंच उंचवटा, त्यावरून दुचाकीवर मागं बसलेली बाई पडते. तुमच्याकडं मी त्याऐवजी सपाट उंच पट्टा घेईन: १० सेंटिमीटर उंच, माथा ३ मीटर सपाट, दोन्हीकडं १.२ मीटरचे चढ. मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर असा एकेक, म्हणजे मधल्या आणि उत्तरेच्या रस्त्यावर दोन-दोन. त्यांच्यातलं अंतर पन्नास-पंचावन्न मीटर येतं, तेवढ्यात गाडी वेग पकडत नाही. मुलं नेमकी तिथूनच रस्ता ओलांडणार, मैदान आणि घर एका पातळीवर येतं, व्हीलचेअरही जाते. गटाराच्या बाजूला पाणी अडणार नाही याची मात्र काळजी घ्या, पट्ट्याखालून झाकलेलं गटार सलग न्या. नाहीतर प्रत्येक पट्ट्यामागं डबकं.

नेदरलँड्समध्ये १९७६ पासून असल्या रस्त्यांना कायद्यात वेगळा दर्जा आहे, गाडीनं चालत्या माणसाच्या वेगानं जायचं. आपल्याकडं तो कायदा नाही, पण उंच पट्टा आणि अरुंद गाडीरस्ता तेच काम निमूटपणे करतो.

आणि एक, ज्यावर कोणीच आधी बोलत नाही: पातळ्या. प्रत्येक घरमालक जोतं आपल्या मर्जीनं उचलतो आणि गेटचा रॅम्प रस्त्यावर काढतो. ७२ घरांचे ७२ रॅम्प फुटपाथवर आले की फुटपाथ संपला, माणसं रस्त्यावर आली. म्हणून वाटपपत्रात लिहा: पोर्चची पातळी रस्त्याच्या माथ्यापासून २० सेंटिमीटर वर, घराचं जोतं ४५ वर, मधला फरक पायऱ्यांनी. पादचारी पट्टा रस्त्यापासून १५ सेंटिमीटर उंच, गेटपुढंही तुटणार नाही. गाडीला चढ मिळेल तो झाडांच्या १.२ मीटर पट्ट्यात, १ ला ८. पट्टा नसलेल्या बाजूची घरं आपला चढ समोर मोकळ्या सोडलेल्या ३ मीटर समासात, स्वतःच्या हद्दीत करतील. आणि पुढं डांबर नव्यानं टाकताना जुना थर खरवडून काढायचा. नुसता थरावर थर चढला की दहा-पंधरा वर्षांत रस्ता पोर्चच्या वर जातो आणि पावसाचं पाणी घरात.

गटारावरची झाकणं ६० बाय ४५ सेंटिमीटर, साडेसात जाडीची ठेवा. एक पन्नास किलोच्या आसपास भरतं, दोन माणसं उचलतात. मीटरभर लांबीची टाकली की ती उचलायला कोणी येत नाही आणि गटार कधीच साफ होत नाही.

चौकवाला

नकाशेकरींचं मैदान चांगलं आहे, पण मला एकच मोठी जागा पटत नाही. ७२ घरांची ओळख एका मैदानावर होत नाही. नवी मुंबईत बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी ऐंशीच्या दशकात केलेली वसाहत पाहा. सात घरं साधारण ८ बाय ८ मीटरच्या चौकाभोवती. असे तीन मिळून २१ घरांना १२ बाय १२ चा मोठा चौक. असे तीन मिळून त्याहून मोठी, २० बाय २० ची जागा. सात घरांत कोण कोणाचं हे सांगावं लागत नाही. परका माणूस आला की लगेच ‘कोण पाहिजे?’ असा प्रश्न येतो. नंतर तिथली बरीच घरं पाडून मोठी झाली, मजले चढले, पण चौकांची रचना टिकून आहे. ७२ म्हणजे जवळपास दहा सप्तकं. तसंच का करू नये?

नकाशेकरी

तत्त्व मान्य. अडचण मोटारीची. त्या आराखड्याच्या काळात दर घरी गाडी गृहीत धरली नव्हती. आज ८ बाय ८ च्या चौकात सात घरांच्या सात गाड्या घुसल्या की चौक म्हणजे पार्किंग. तुम्हाला चौक वाचवायचा तर गाड्या चौकाबाहेर ठेवाव्या लागतील, आणि सोळाशे चौरस फुटांचा प्लॉट घेणारा माणूस गाडी घरापासून चाळीस मीटरवर लावायला तयार नसतो. भांडून पाहा.

पण सप्तकाची कल्पना रस्त्यावर उतरवता येते. मधल्या रस्त्याचं टोक जोडरस्त्याला जिथं मिळतं तिथं, आणि दर सात-आठ घरांमागं एकदा, झाडांच्या पट्ट्यात साडेतीन मीटर लांब कट्टा बांधा. झाड, कट्टा आणि दिवा तिन्ही एकत्र. समोरची घरं धरून बारा-चौदा घरांचा तो कोपरा होतो. जमीन वेगळी लागत नाही.

चौकवाला

चालेल. पण कट्टा कोणाच्या दारासमोर येणार यावर पहिली सभा मोडेल, लिहून ठेवा.

नकाशेकरी

म्हणून प्लॉटची सोडत काढण्याआधी कट्टे नकाशावर दाखवायचे. नंतर नाही.

वायरमन_भाऊ

उजेडाबद्दल. रस्ते साधारण ६२५ मीटर आहेत. ६ मीटरचा खांब, २० मीटरवर एक, म्हणजे ३१-३२ खांब. ३० वॅटचा एलईडी पुरतो. वस्तीतल्या हलक्या रहदारीच्या रस्त्याला भारतीय मानकात सरासरी ४ लक्स (उजेडाचं माप) आणि जास्त रहदारीच्या दुय्यम रस्त्याला ८ लक्स धरतात. तुम्ही ५ ते ८ च्या मध्ये ठेवा. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे सगळ्यात कमी उजेडाचं सरासरीशी प्रमाण, ते ०.३ च्या खाली जाऊ देऊ नका. उजेड कमी असला तरी डोळा सरावतो. झगझगीत उजेडाशेजारचा काळोख मात्र डोळ्याला आरपार दिसत नाही, आणि माणूस तिथंच उभा राहतो. म्हणून १२ मीटरचे उंच खांब ४० मीटरवर लावून ‘भरपूर उजेड’ करणं चूक.

गेटवर १०० वॅटचा पांढराफटक फ्लडलाइट बाहेरच्या दिशेनं लावायची सगळ्यांना हौस. येणाऱ्याच्या डोळ्यात तो बसतो. दिवा बाजूनं आणि वरून हवा. रंग ३,००० ते ४,००० केल्विन. ६,५०० चा निळसर उजेड घरांच्या खिडक्यांतून आत येतो, मग लोक जाड पडदे लावतात, आणि तुमची जी ‘नजर’ आहे तीच बंद होते.

महिन्याचा खर्च: ३२ दिवे गुणिले ३० वॅट, ९६० वॅट. रात्री ११ तास धरले तर महिन्याला सव्वातीनशेच्या आत युनिट. यात काटकसर म्हणून एकाआड एक दिवा बंद ठेवायचा ठराव होतो, तो करू नका. बारानंतर सगळेच मंद करणारा ड्रायव्हर, म्हणजे दिव्यातला वीजनियंत्रक, घ्या.

आता जिवाचं. खांबाला हात लावून मुलं गोल फिरतात, पावसात सुद्धा. प्रत्येक खांबाला अर्थिंग, फीडर पिलरमध्ये, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीत, गळती झाली की तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर, आणि खांबावरच्या जंक्शन बॉक्सचं झाकण जमिनीपासून निदान ६० सेंटिमीटर वर. केबल चिलखती, पाऊण मीटर खोल, वर विटांचा थर आणि पिवळी धोक्याची पट्टी. पुढं पाण्याची लाइन टाकणारा जेसीबी येणार आहेच. एकच ब्रेकर सगळ्या ३२ दिव्यांना ठेवला तर पहिल्या पावसात एका बॉक्समध्ये पाणी जाऊन सगळी वसाहत अंधारात. चार भाग करा.

झाड आणि खांब निदान ५ मीटर लांब. नाहीतर सहा-सात वर्षांत दिवा फांदीत आणि रस्ता अंधारात, मग वीजवाले येऊन झाड अर्धं छाटतात.

प्लॉट_बहात्तर

भिंत आणि गेटवर कोणी बोललंच नाही. सभासदांचा जीव तिथंच अडकलाय. उसाच्या बाजूनं कोणी शिरेल, बिबट्या येईल, अशी भीती आहे. आणि १६ कॅमेरे पुरेसे का?

कडीकोयंडा

८ फुटी पक्की भिंत रस्त्याच्या बाजूला नियमातही बसत नाही. आपल्या विकास नियंत्रण नियमांत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर उंचीपर्यंत कुंपणभिंत. २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचे ०.९ मीटर आरपार दिसणारे हवेत. कोपऱ्यावरच्या प्लॉटला चौकापासून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीत पक्की भिंत फक्त ०.७५ मीटर, वरचे ०.७५ जाळीचे. ती अट सौंदर्यासाठी नाही. कोपऱ्यावरून येणाऱ्या सायकलवाल्याला गाडी दिसावी म्हणून आहे. तुमच्या नकाशात असे बरेच कोपरे आहेत, तिथं लोक हमखास भिंत चढवतात आणि वर मेंदीचं कुंपण.

उत्तरेला उसाच्या बाजूला हीच २.४ ची रचना करा: दीड मीटर पक्की, वर ०.९ गजांची. शेतात कोण आहे ते गच्चीवरून आणि वरच्या मजल्यावरून दिसतं. पक्की आठ फुटी भिंत चढून एकदा माणूस आत आला की तीच भिंत त्याला बाहेरच्या नजरेपासून झाकते. आतल्या घरांच्या दर्शनी भिंती तर अजून बुटक्या: ६० ते ७५ सेंटिमीटर बांधकाम, वर लोखंडी जाळी दीड मीटरपर्यंत. ओट्यावर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरवर असतात. जाळीला प्लास्टिकचे हिरवे पत्रे ठोकायला बंदी, हे उपविधीत घाला. ते सगळीकडं ठोकतात.

दक्षिणेची गोष्ट नकाशेकरींनी सोडली. पहिल्या ओळीची पाठ डांबरी रस्त्याकडं येते. तिथं १२२ मीटर सलग आंधळी भिंत झाली की बसस्टॉपवरून संध्याकाळी चालत येणाऱ्या मुलीला तो तुकडा नको वाटणार. त्या चौदा घरांना मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर गॅलरी किंवा मोठी खिडकी सक्तीची करा, आणि तिथल्याही भिंतीचे वरचे ०.९ मीटर जाळीचे.

गेट: गाड्यांचं एकच, पश्चिमेच्या जोडरस्त्यावर, ६ मीटर रुंद. कमान हौसेनं बांधतात, ती ५ मीटरपेक्षा खाली आली तर बंब अडकतो. गेट हद्दीच्या ६ मीटर आत घ्या, म्हणजे नोंद होईपर्यंत गाडी डांबरी रस्त्यावर शेपूट काढून उभी राहणार नाही. सरकतं गेट लावू नका, पावसाळ्यात रुळात चिखल बसतो आणि ते कायम अर्धं उघडं राहतं. पूर्वेच्या जोडरस्त्यावर १.२ मीटरचं पायी गेट, दिवसभर उघडं. ते दिलं नाही तर शाळेची मुलं आणि कामाला येणाऱ्या बायका लांबचा फेरा घेतील किंवा भिंतीला भोक पाडतील. भोक पडतंच. वॉचमनच्या केबिनला तीन बाजूंना खिडक्या, आणि ती गेटच्या आत, चालकाच्या उजव्या हाताला.

आणखी एक, सभेत सांगाच: लेआउटचे रस्ते ग्रामपंचायत किंवा पालिकेकडं हस्तांतरित झाले की ते सार्वजनिक. मग गेट लावून कोणाला अडवता येत नाही. रस्त्यांची डागडुजी त्यांनी करायची आणि गेट मात्र आमचं, असं दोन्ही चालत नाही. म्हणूनच रचना अशी हवी की गेट उद्या निघालं तरी वसाहत उघडी पडणार नाही.

कॅमेरे सोळा नकोत, सहा पुरेत. चेहरा ओळखण्यासाठी चित्रात एका मीटरला २५० पिक्सेल लागतात. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवा २,५६० पिक्सेलचा, म्हणजे १० मीटर रुंदीपर्यंतच चेहरा कळतो. मैदानाच्या कोपऱ्यातून अख्खं मैदान दाखवणारा कॅमेरा ‘कोणीतरी होतं’ एवढंच सांगतो. उंची अडीच ते तीन मीटर. सहा मीटरच्या खांबावर टांगला तर टोप्या आणि हेल्मेटं दिसतात. मोठ्या गेटवर दोन, त्यातला एक फक्त नंबरप्लेटसाठी, एक पायी गेटवर, एक पंप आणि मीटरच्या खोलीपाशी, दोन मैदानाच्या वाटांवर. २ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटनं, एका कॅमेऱ्याचं दिवसाला २२ जीबीच्या आसपास होतं. सहा कॅमेरे, तीस दिवस, ४ टीबीला चिकटतं, म्हणून ६ टीबीची डिस्क घ्या. आणि दर महिन्याला कोणीतरी एकानं रेकॉर्डिंग खरंच होतंय का हे उघडून पाहायचं. गरज पडते त्याच दिवशी डिस्क तीन महिन्यांपासून बंद असल्याचं कळतं.

बिबट्याला भिंतीपेक्षा कचरा आणि मोकाट कुत्री जास्त बोलावतात. ओला कचरा रात्री बाहेर ठेवणं बंद करा.

पारावरचा

मैदान नकाशावर आणलंत, आता ते वापरात कसं येईल ते बघू. लोक ‘उद्यान’ पाहायला बाहेर पडत नाहीत, कामासाठी पडतात. म्हणून जी कामं रोजची आहेत ती मैदानाच्या एकाच कोपऱ्यावर आणा: घंटागाडीचा थांबा, भाजीच्या हातगाडीला ३ बाय २ मीटरची सावलीतली फरशी, शाळेच्या व्हॅनचा थांबा, सूचनाफलक. सूचनाफलक गेटवर लावतात, तिथं गाडीतून कोणी वाचत नाही.

दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा डोळ्यापुढं ठेवा. बसायची जागा मैदानाच्या मधे नाही, कडेनं सलग आहे. माणूस मैदानाकडंही तोंड करून बसतो आणि रस्त्याकडंही. तुमच्या ५३ मीटरच्या दोन्ही लांब बाजूंना ४५ सेंटिमीटर उंच, ५० रुंद कट्टा करा. तोच कुंपण, तोच बाक. दर दहा मीटरला दीड मीटरची फट. वयस्कांसाठी मात्र पाठ आणि हात असलेले तीन-चार बाक वेगळे, कारण नुसत्या कट्ट्यावरून गुडघेदुखीवाल्याला हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही. कट्ट्याचा माथा थोडा उतरता, नाहीतर पाणी साचून शेवाळ.

आतली वाटणी: २२ यार्डांची खेळपट्टी म्हणजे २०.१२ मीटर, ती उत्तर-दक्षिण ठेवा, सकाळ-संध्याकाळचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यात येत नाही. ३४.४ मध्ये ती बसते. त्या दिशेला दोन्हीकडं घरांची दारं आहेत, तेव्हा चेंडूच्या जाळीची तयारी ठेवा किंवा टेनिस बॉलचा ठराव करा. लहानांचे झोपाळे दुसऱ्या टोकाला, त्यांच्याखाली ३० सेंटिमीटर वाळू, काँक्रीट किंवा टाइल्स अजिबात नाहीत. झोपाळ्याच्या पुढं-मागं दोरीच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी. बायकांचे बाक लहानांच्या कडेला ठेवतात, ते ठीक, पण तेवढेच ठेवू नका. ज्यांची मुलं मोठी झाली त्यांना त्या किलबिलाटात बसायचं नसतं.

झाडं: बकुळ, ताम्हण, बहावा, करंज, कडुनिंब. ८ मीटर अंतर, मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा. गुलमोहर रस्त्याकडेला नको, फांद्या ठिसूळ आणि मुळं वर. झाडाची खालची फांदी अडीच मीटरच्या वर, झुडपं पाऊण मीटरच्या खाली. मधली पट्टी मोकळी राहिली की मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतं. माळ्याला हे दोन आकडे पाठ करून द्या, नाहीतर जास्वंद दोन वर्षांत डोक्याच्या वर जाते.

प्लॉट_बहात्तर

हे सगळं सभेपुढं ठेवतो. शेवटचा प्रश्न, पैसे एकदम नाहीत. आधी काय, नंतर काय?

गचका_नको

आधी जमिनीखालचं सगळं, आणि रस्त्याचं फक्त खडीकरण. शेवटचा डांबरी थर निम्म्याहून जास्त घरं उभी राहिल्यावर. आधी टाकलात तर वाळू-सिमेंटच्या गाड्या तो उकरून काढतील आणि प्रत्येक नळजोडणीला आडवा चर पडेल. प्रत्येक प्लॉटसमोर रस्त्याखालून १०० मिमीचा एक रिकामा पाइप आत्ताच टाकून ठेवा, दोन्ही तोंडं बंद करून, नकाशावर खूण करून. उंच पट्टे मात्र खडीच्या वेळीच करा, बांधकामाच्या गाड्या सगळ्यात बेफाम असतात.

पारावरचा

आणि मैदानाची झाडं पहिल्याच जूनमध्ये. गणपतीच्या मांडवाची सोयही तेव्हाच करून टाका: कोपऱ्यातल्या फरशीत १०० मिमीच्या पाइपचे ४५ सेंटिमीटर खोल तुकडे, तीन-तीन मीटरवर, वर झाकण, तळाला पाणी मुरायला खडी. बांबू त्यात बसतो. नाहीतर दर भाद्रपदात नव्या रस्त्याला पहारीनं खड्डे पाडणारच. मांडवासाठी वेगळा वीजजोड फीडर पिलरपासून काढून ठेवा, वायरमन_भाऊंनी सांगितलेल्या ब्रेकरसकट. आकडे टाकून घेतलेल्या विजेचा मांडव आणि त्याखाली पन्नास मुलं, हे नको.

वायरमन_भाऊ

३२ अँपिअर, तीन फेज, कुलपाच्या पेटीत. किल्ली दोघांकडं.